आखूड-लांब पुंगळ्या

माझा नवरा आर्विड घरामागच्या खोलीत गेली एकतीस वर्षं रायफलची काडतुसं भरतो, म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत बंदुकीची दारू आणि नवी गोळी बसवतो. मसलशेल नदीच्या या पट्ट्यात भरणारे पुष्कळ, पण आर्विड भरून द्यायचा ते फक्त ओलीटाला. ओलीटा त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून त्याची जुनी, खालचा दांडा म्हणजे लिव्हर ओढून पुढचं काडतूस आत घ्यायची रायफल तीच वापरते आणि दर वर्षी आपलं हरीण आपण मारून आणते. ही रायफल मापाच्या बाबतीत फार खोडील. काडतूस केसभर चुकलं तरी अडून बसते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, ओलीटा बर्फातले बूट घालूनच आत आली. आर्विडच्या टेबलावर तिनं एक काडतूस ठेवलं.

"हे बसलंच नाही. सकाळी पहिली गोळी त्या नराच्या पोटात लागली. लिव्हर ओढली तर अर्ध्यावर अडकली. हे उपसून काढेपर्यंत तो टेकडीपलीकडे गेला."

"घाईत अर्धवट ओढली असशील."

"बत्तीस हरणं मारलीत मी, आर्विड. आता लिव्हर ओढायला शिकव मला!"

"असेल, म्हटलं."

"मग माप. माझ्यासमोर माप."

आर्विडनं मापायचं कॅलिपर उचललं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, दिव्याखाली धरलं. वसंतापासून तो दिव्यालाच नावं ठेवत होता. शेवटी कॅलिपर बाजूला ठेवून त्यानं काडतुसावरून अंगठा फिरवला. काडतुसाच्या मानेखाली अंगठा थांबला.

"इथं फुगलंय," तो म्हणाला. "पुंगळी लांब राहिली. गोळी पक्की बसावी म्हणून काठ दुमडतो, तेव्हा सगळा दाब पुंगळीच्या खांद्यावर आला."

ओलीटानं ट्रेमधल्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन कॅलिपरनं मापल्या. "ही लांब. ही आखूड. ही परत लांब. तू या कापून सारख्या केल्याच नाहीस?"

"केल्या. अंदाजानं. कॅलिपरवरचे आकडे दिसत नव्हते."

हे त्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं.

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू दुकानातली आणली असतीस."

"हो, आणली असती," ओलीटा म्हणाली आणि हातमोजे चढवू लागली. "अजून दोन तास उजेड आहे."

त्या नराला शोधायला आम्ही तिघंही गेलो. सकाळी जिथं रक्ताचा माग सुटला होता तिथून पुढं ओढ्याच्या घळीत उतरलो. मॅग्पाय पक्ष्यांचा गोंगाट ऐकून मीच त्या बाजूला वळले. नर जुनिपरच्या झुडपाखाली पडला होता. मागचा भाग कायोटी कोल्ह्यांनी खाल्ला होता. ओलीटानं खिशातून यंदाच्या एका हरणाच्या परवान्याचा टॅग काढून त्यावरची आजची तारीख कापली आणि तो शिंगाला बांधला.

"कशाला गं?" आर्विड म्हणाला. "सीझनचे दोन आठवडे उरलेत. इथं कोण बघतंय?"

"मारलंय मी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढचे दोन फरे आणि पाठीचं मांस निघालं, तेवढं आम्ही पाठीवर घालून आणलं. तिचा सीझन तिथंच संपला.

आर्विडच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. जानेवारीत बिलिंग्जला ऑपरेशन झालं. तोवर भरून ठेवलेली काडतुसं ओलीटानं आणि त्यानं टेबलाशी बसून एकेक उकलली; गोळ्या एका डब्यात, दारू दुसऱ्यात. पुंगळ्या ती मापायची, तो कापायचा. बोलणं आकड्यांपुरतंच.

पुढच्या शरदात त्यानं तिला वीस काडतुसं दिली. तिनं आमच्या अंगणात, नळी मातीच्या बांधाकडे धरून, सगळी न उडवता, लिव्हर ओढून रायफलीतून फिरवून पाहिली. एकही अडलं नाही. शिकारीला जाताना मात्र तिच्या खिशात दुकानातल्या काडतुसांचा डबा होता. आर्विडनं तो पाहिला. त्याला वाईट वाटलं का, हे मी विचारलं नाही.