गाळलेली हवा

इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या खोलीत हवेचं सोवळं फार कडक असतं. छतातल्या फिल्टरमधून गाळून येईल तेवढीच हवा आत घ्यायची, धुळीचा कण चालत नाही. नव्या कारखान्यात त्या हवेवर देखरेख करणं माझं काम. मी खोली पास केली की बाटल्या भरायला सुरुवात होणार होती आणि माझ्या ताईचं इंजेक्शन त्याच बाटल्यांतून येणार होतं. ते बनवणारा दुसरा कारखाना बंद पडलेला, दवाखान्यातला साठा संपत आलेला. ताईचा जीव माझ्या छताला टांगला होता म्हणा ना.

आणि काल रंगाऱ्यांना उकडलं. भिंती घासताना घामाने निथळत होते बिचारे. कोणीतरी वाऱ्यासाठी हवेचं मशीनच सुरू केलं. मशीनने भिंतींची सगळी भुकटी ओढली आणि थेट फिल्टरमध्ये नेऊन कोंबली. सकाळी मी छताची झडप उघडली, तर आत पीठ सांडल्यासारखं पांढरंफटक. मला रडूच आलं.

रंगाऱ्यांचा मुकादम हात जोडून म्हणाला, "साहेब, पण वारं काय झकास येत होतं!"

आता याला मारावं की याच्या पाया पडावं?

नवे फिल्टर बोटीने येतात, त्यात काही महिने जाणार. कारखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "वरून पुसून घ्या. छतात कोण बघायला जातंय?"

"मी जातो," मी म्हणालो. साहेबांना नाही म्हणून झालं, पण ताईला सांगायचं बाकी होतं.

तिचाच फोन आला. "झाली का रे तुझी खोली?"

लहानपणी पाय न धुता घरात शिरलो की हीच बाई माझा कान पिळायची. मी तिला सगळं सांगितलं.

"इंजेक्शन दुसरीकडे मिळेल कुठे?"

"सगळीकडे विचारलं गं. नाही."

ती हसली. "आठवतं, खाली पडलेली गोळी आपण फुंकर मारून खायचो? काही झालं का आपल्याला?"

"ती पोटात जायची, ताई. हे रक्तात जातं."

"जाऊ दे रक्तात," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "फुंकर मार आणि दे ना रे."

"नाही गं," मी म्हणालो. तेवढंच म्हणता आलं.