कुंपणाजवळचे अकरा शब्द

कादंबरीचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बाबा' नव्हता, 'पाणी'सुद्धा नव्हता. अडीच वर्षांची होत आली होती, आणि विमानतळाच्या जाळीला नाक लावून ती म्हणाली, "हेवी."

मी दचकून मनोहर काकांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. शेजारी रॉनच्या मांडीवरच्या रेडिओत टॉवरमधला माणूस पुटपुटत होता. मोठ्या विमानाला हाक मारताना टॉवरवाले त्याच्या नंबरामागे 'हेवी' जोडतात, हे मला काकांनीच सांगितलं होतं.

"बोलली की गं!" काका उठून उभेच राहिले. "आणि बोलली ती थेट टॉवरची भाषा! आई-बाबा काय, कुणीही म्हणतं."

मी हसले आणि रडलेही. फोनवर सासूबाईंचं एकच चालायचं, "नाव ठेवलंत कादंबरी, आणि पोरीच्या तोंडात एक ओळ नाही." आता निदान शब्द तरी होता.

नवऱ्याचा, सुशांतचा, प्रोजेक्ट अमेरिकेत होता म्हणून आम्ही सांता क्लारापासून दोन तासांवरच्या या गावात राहत होतो. विमानतळ लहानसा. दिवसभर चाळीस-पन्नास सीटची विमानं यायची. पण मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी नऊ चाळीसला हाँगकाँगहून चार इंजिनांचं एक अजस्र विमान उतरायचं. त्या एकट्याच्या जिवावर पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिलेलं होतं. धावपट्टीच्या टोकाला कुंपणाबाहेर मातीचं एक टेकाड होतं, त्यावर विमानवेडी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसत. रॉन निवृत्त पोस्टमन. बावीस वर्षं उतरणाऱ्या प्रत्येक विमानाच्या शेपटीवरचा नंबर तो वहीत लिहीत होता. मनोहर काका आमच्याच अपार्टमेंटमधल्या रवीचे वडील. एअर फोर्समध्ये तीस वर्षं इंजिनं उघडण्यात गेली. काकू गेल्यावर मुलानं इकडे आणलं. "सुनेच्या कारपेटवर किती वेळ बसायचं? इथे निदान कुणीतरी येतं-जातं," असं म्हणून ते रोज चालत यायचे. खिशात पितळेची डबी. चिमूटभर तपकीर नाकात ओढली, की पाठोपाठ चार शिंका आणि खोकल्याची एक लांबलचक उबळ. कादंबरी खदखदून हसायची.

जानेवारी संपेपर्यंत माझ्या डायरीत तिचे अकरा शब्द झाले. हेवी, आलं, गेलं, चाक, धूर, काका, रॉन, ये, अजून, नाही, आक्छी. सगळे कुंपणाजवळचे. घरी ती गप्पच असे. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "जिथे बोलते तिथे नेत राहा. आता खंड पडू देऊ नका." वीस मेला तिची तपासणी होती. ती इतर मुलांबरोबर शाळेत बसेल, की वेगळ्या वर्गात, ते त्या दिवशी ठरणार होतं.

फेब्रुवारीत काका पुतण्याच्या लग्नाला भारतात गेले. मार्चमध्ये सार्सच्या, शिंका-खोकल्यातून पसरणाऱ्या त्या नव्या जीवघेण्या तापाच्या, बातम्या सुरू झाल्या. मी पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएससी केलेली, आणि इथे डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेली. त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की टीव्हीवर हाँगकाँगची मास्क लावलेली माणसं दिसली, की मला थेंब दिसायचे. दाराच्या मुठीवरचे, लिफ्टच्या बटणावरचे.

तीन एप्रिलच्या गुरुवारी काका त्याच हाँगकाँगच्या विमानानं परत आले. आम्ही टेकाडावर होतो. चाकांनी धूर काढला आणि कादंबरी ओरडली, "हेवी आलं! काका!" दोन शब्द एकमेकांना जोडलेले, आयुष्यात पहिल्यांदा. दुर्बिणीतून रॉन पाहत होता. विमानाच्या शिडीवरून जेमतेम साठ-सत्तर माणसं उतरली, सगळी तोंड झाकलेली. खाली प्रत्येकाच्या हातात पिवळं कार्ड देत होते. दहा दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरला कळवा, असं त्यावर लिहिलेलं होतं.

शनिवारी काका टेकाडावर आले. रॉननं आपली खुर्ची उचलून पंधरा पावलं लांब नेली.

"काय रे रॉन," काका इंग्रजीत म्हणाले, "दोन महिन्यांत माझा वास एवढा वाढला?"

"माझी बायको, मॅनी. तिनं शपथ घातलीय."

"घालू दे बाबा. बायको असेपर्यंत ऐकून घ्यावं माणसानं."

काकांनी डबी काढली, चिमूट ओढली. शिंका सुरू झाल्या. कादंबरी "आक्छी! आक्छी!" करत धावली आणि त्यांच्या गुडघ्यांना बिलगली. काकांनी तोंड वळवलं, पण उशीर झाला. पुढची शिंक तिच्या केसांवर पडली. मग ती उबळ. मी तिला उचललं आणि तशीच निघाले. मागून काका म्हणत होते, "अगं देवयानी, विमान यायचंय अजून..."

घरी डेटॉलच्या पाण्यानं मी तिला दोनदा आंघोळ घातली. दुपारी तिचं अंग गरम लागलं. नव्याण्णव पॉइंट आठ. मी सुशांतला ऑफिसात फोन लावला.

"देवू, यार, काकांना तपकिरीनं शिंका येतात. तूच सांगतेस ना सगळ्यांना हसत?"

"माहितेय. पण ते कुठून आलेत?"

"मग दोन आठवडे जाऊ नकोस तिकडे. सिंपल."

"आणि खंड पडला तर? आत्ता कुठे दोन-दोन शब्द जोडायला लागलीय ती."

"मग जा! मला मीटिंग आहे, देवू."

दोन्ही शक्य नव्हतं. तेव्हा मला तिसरं सुचलं. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचा नंबर टीव्हीवर सारखा दाखवत होते. ते काकांना तपासतील, काही नाही म्हणून सांगतील, आणि मंगळवारी आम्ही निर्धास्त टेकाडावर जाऊ. खरंच, एवढंच होतं माझ्या मनात.

फोनवरची बाई शांत होती. नाव, पत्ता, कुठून आले, कधी आले. मग तिनं विचारलं, "या शिंका-खोकल्याचं दुसरं काही कारण तुम्हाला माहीत आहे का? ॲलर्जी, धूम्रपान, तंबाखू?"

हो म्हटलं असतं तर तिनं फोन ठेवला असता. मग कुणी तपासलं नसतं आणि मला कधीच कळलं नसतं.

"नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी कादंबरीचं अंग गार होतं. दाढ येत होती.

रविवारी रवीच्या दारात पांढरे झगे आणि मास्क घातलेली दोन माणसं उभी राहिली. आमच्या खिडकीतून ते दार सरळ दिसतं. काकांना दहा दिवस खोलीत राहायला सांगितलं. रवीच्या ऑफिसनं त्याला घरीच थांबायला लावलं. लॉन्ड्री रूममध्ये सीमानं, म्हणजे रवीच्या बायकोनं, मशीन उघडलं, की शेजारच्या बायका आपले ओले कपडे तसेच उचलून न्यायच्या.

"कुणी कळवलं ना, ते एकदा कळू दे," सीमा मला म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "बाबा खोलीत बसून सारखे विचारतात, मी काय केलं? तूच सांग, देवयानी, काय केलं त्यांनी?"

मी टॉवेलची घडी घालत राहिले. ती घडी मी तीनदा घातली.

मग गावच्या पेपरात चार ओळी आल्या. हाँगकाँगहून आलेला एक आजारी प्रवासी विमानतळाच्या कुंपणाजवळ लोकांत मिसळत होता. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. मंगळवारी आम्ही गेलो तेव्हा टेकाडाकडे जाणाऱ्या वाटेला साखळी लावलेली होती. रॉनची खुर्ची नव्हती, कुणाचीच नव्हती. आम्ही रस्त्याच्या कडेला गाडीत बसून राहिलो. विमान आलं. गाडीच्या काचेतून दिसलं ते नुसतं शेपूट. कादंबरीनं माझ्याकडे पाहिलं. "काका?"

"येतील हं."

त्या विमानात एकोणीस माणसं होती म्हणे. एप्रिलच्या शेवटी ते आठवड्यातून एकदाच यायला लागलं, मेमध्ये बंद झालं. टर्मिनलमधलं कॉफीचं दुकान गेलं, मग गाड्या भाड्यानं देणाऱ्यांचं काउंटर. पण मंगळवार, गुरुवार, शनिवारी न चुकता, नऊ वाजून गेले की कादंबरी आपले बूट घेऊन दाराशी उभी राहायची. घड्याळ कळत नव्हतं तिला. वार तर नाहीच. तरी उभी राहायची. मी डायरी उघडून बसायची. आधी 'धूर' गेला, मग 'चाक', मग 'रॉन'. जो शब्द आठवडाभर आला नाही, त्यावर मी काट मारत होते. 'अजून' बरेच दिवस टिकला.

काकांना सार्स नव्हता. आरोग्य खात्यानं दोनदा तपासून तसं लेखी दिलं. पण तो कागद कुणी वाचला नाही. मेच्या मध्यावर ते कायमचे परत निघाले, दोन तास लांबच्या मोठ्या विमानतळावरून. जायच्या आदल्या दिवशी सकाळी ते आमच्या जिन्याखाली येऊन उभे राहिले. वर आले नाहीत.

"पोरीच्या जवळ येत नाही गं, घाबरू नकोस. निरोप घ्यायला आलो."

"काका, वर या ना." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"नको. एक काम करशील?" त्यांनी खिशात हात घातला, नुसताच. डबी त्यांनी सोडली होती, सीमा म्हणाली होती. "रॉनला सांग, ती तपकीर होती. मी चारदा सांगितलं, त्याला वाटतं मी लपवतोय. झग्यावाल्यांनाही सांगितलं, तर ते म्हणाले, कळवणाऱ्यानं तर दुसरं कारण नाही म्हणून सांगितलंय." त्यांनी रिकामा हात खिशातून बाहेर काढला. "तू बघितलंयस. शिकलेली आहेस. तुझं ऐकेल तो."

त्यांना कळलं होतं का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. चेहऱ्यावर फक्त थकवा होता.

"सांगते," मी म्हटलं.

माझ्या पायामागे कादंबरी उभी होती. काकांनी वाकून हात हलवला. "काय कादंबरीबाई? हेवी?"

ती बघत राहिली. काकांनी बराच वेळ वाट पाहिली. मग जिन्याचा कठडा सोडून ते हळूहळू निघून गेले.

वीस मेला तपासणीच्या खोलीत तिनं दोन तासांत एकही शब्द काढला नाही. टेबलावर खेळण्यांत एक प्लास्टिकचं विमानही होतं. तिनं ते उलटं करून ठेवलं. "मध्ये काही बदल झाला का?" तपासणाऱ्या बाईंनी विचारलं. सुशांतनं माझ्याकडे पाहिलं. फोनचं त्याला माहीत आहे. 'नाही'चं माहीत नाही.

सप्टेंबरपासून ती वेगळ्या वर्गात जाणार आहे.

रॉनचं घर मला माहीत आहे. दोनदा त्याच्या दारावरून गाडी नेली, थांबवली नाही. तपकीर होती म्हणून सांगायचं, तर ते तेव्हा का नाही सांगितलं, हा पुढचा प्रश्न तो विचारणारच.

जुलैत साथ संपल्याचं जाहीर झालं. विमान परत आलं नाही. पाटीवर 'इंटरनॅशनल' अजून आहे. काल सकाळी बूट घेऊन ती दाराशी उभी राहिली, म्हणून मी तिला घेऊन गेले. साखळीच्या अलीकडे उभं राहता येतं. एक लहान विमान उतरलं, तिनं बघितलंही नाही. खाली बसून तिनं मातीची चिमूट उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले आणि डोकं झटकून शिंकली. एकदा, दोनदा, चारदा. मग काकांसारखीच, छातीवर मूठ धरून, खोकली. 'आक्छी' हा शब्द मात्र नाही. नुसता आवाज.

तिथून एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. ती थबकली. "आजारी आहे का ती?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं बाबागाडीचं झाकण खाली ओढलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेली. कादंबरीनं दुसरी चिमूट उचलली.