खिडकीतली पन्हळ

"बॅटरी जरा इकडे धरा," असं म्हणत आरोग्य खात्याचा तपासनीस काकूंच्या खिडकीवर ओणवा झाला. बॅटरी समोरच्या घरातल्या इस्त्रीवाल्याने धरली होती. काका पलंगावर बसून मुकाट बघत होते. काकू मात्र दाराशीच उभ्या, निकाल लागायच्या वेळी पोरं उभी राहतात तशा. सकाळपासून आळीत घरोघर डासांच्या अळ्या सापडल्या होत्या. आपल्या घरी सापडू नयेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"या, बघा. कशा मजेत आहेत."

पन्हळीतल्या पाण्यात बारीक अळ्या वळवळत वरखाली करत होत्या. काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. चष्म्याचा काय दोष?

"डेंग्यूच्या डासाचीच पिलावळ ही. पाणी कधी बदललं होतं?"

"रोज घालते की," काकू म्हणाल्या.

"घालता हो. ओतून कधी टाकलं?"

चार दिवसांआड नळ येणाऱ्या आळीत पाणी ओतून टाकायचं, हे काकूंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"काकू, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही पडदा लावला," इस्त्रीवाला म्हणाला. आवाज चढवून नाही. कुणी वेळ विचारावी तसं म्हणाला. त्याची बायको तापाने जाऊन अजून महिना व्हायचा होता.

आता ही पन्हळ काय भानगड होती, ते सांगायला हवं. आळीच्या पाठीशी सिमेंटचा कारखाना. भांडी घासून पालथी घालावीत तर तासाभरात त्यांच्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. काकांनी उमेदीची सगळी वर्षं तिथेच पोती भरली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. छातीतली धूळ तेवढी ते आधीपासूनच थोडी थोडी घरी आणत होते. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. जसा काही शर्टच बदलायचा होता. रात्री आडवं झालं की काकांचा श्वास कोंडायचा. खिडकी उघडावी तर धूळ, लावावी तर घुसमट. माणूस बसल्या बसल्या रात्र काढायचा आणि दिवसा बोलता बोलता पेंगायचा.

काकू शिवणकाम करणाऱ्या. स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी जुन्या चादरी दुहेरी करून जाड पडदा शिवला. एक पाइप उभा चिरून घेतला, त्याची टोकं बंद केली आणि ती पन्हळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून पाण्याने भरली. पडद्याची खालची कड त्या पाण्यात सोडली. पडदा आपसूक पाणी ओढत राही, वारा गार होऊन आत येई आणि धूळ पडद्यालाच चिकटे. सकाळी पिळला की राखाडी चिखल निघे. पहिल्याच रात्री काका आडवे झोपले आणि चक्क घोरले. काकू दुसऱ्या दिवशी नळावर सांगत होत्या, "लग्न झाल्यापासून त्या घोरण्याला नावं ठेवली. काल म्हटलं, घोरा बाबा, पोटभर घोरा."

झालं. जो तो कापड घेऊन काकूंच्या दारात. त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. इस्त्रीवाल्याच्या बायकोने तर हट्टाने झालर लावून घेतली. "धूळ अडवायची म्हणून काय गबाळं दिसायचं होय काकू?" असं तिचं म्हणणं. काकू सगळ्यांना बजावत, पन्हळ कोरडी पडू देऊ नका. आळीने तेवढं मात्र डोळ्यांत तेल घालून पाळलं.

आणि मग ताप आला. घरटी एक आजारी. इस्त्रीवाल्याची बायको गेली.

"घाबरू नका बाई," तपासनीस निघताना म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "आठवड्यातून एकदा रिकामी करा, खसाखसा घासा, वाळवा, मग भरा पुन्हा. पडद्याला माझी ना नाही."

पण हे शहाणपण ऐकायला दाराबाहेर कोण थांबलं होतं? बाहेर एवढंच गेलं की ताप काकूंच्या पडद्यांनी आणला.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. खरं तर ही सभा आळीने धुळीसाठी मागितली होती. धुराड्याला धूळ अडवणारी गाळणी आहे आणि वीज वाचवायला कारखाना ती रात्री बंद ठेवतो, हे काकांनी तिथे काम करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते साहेबांना तोंडावर विचारायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. एवढी एक गाळणी रात्री चालू राहिली, तर माणसाला झोपायला पडद्याची गरजच कशाला पडेल?

कारखान्याचे साहेब आले ते धूरफवारणीचं कोरं करकरीत यंत्र घेऊन. "आजार आपल्या घरातच जन्मतो," ते म्हणाले. "घर स्वच्छ तर आळी स्वच्छ. हे यंत्र आमच्याकडून भेट." टाळ्या पडल्या. ज्यांच्या घरी रुग्ण होते त्यांच्याच सगळ्यात जोरात पडल्या.

काका खुर्चीला धरून उठले. "रात्री... ती गाळणी... तुम्ही रात्री..." पुढे खोकल्याने ताबा घेतला. साहेब स्वतः खाली उतरले, त्यांनी पाण्याची बाटली काकांच्या ओठांना लावली, पाठीवरून हात फिरवला. "काकांना बसू द्या. त्रास नका देऊ त्यांना."

"काकू, तुम्ही बोला," मागून कुणीतरी म्हणालं. "काकांना काय विचारायचंय, ते तुम्हाला माहीत असेलच."

काकू उठल्या. सगळी आळी वळून बघत होती. इस्त्रीवाला भिंतीला टेकून उभा होता, धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन. काकूंची नजर नेमकी तिथेच गेली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पडदे मी शिवले. पाणी मी साठवायला लावलं."

आणि बसल्या.

साहेबांनी हात जोडले. "बघा. याला म्हणतात जबाबदारी. अशी माणसं आहेत म्हणून गावं टिकतात." पुन्हा टाळ्या. काकूंना उभं करून त्यांच्या हातात यंत्राची नळी दिली आणि फोटो काढला. उद्या सकाळी सगळ्यांनी पन्हळी काढून टाकायच्या असं ठरलं. धुळीचा विषय निघाला नाही. निघणार कसा? चूक कुणाची ते भर सभेत ठरलं होतं.

परतताना इस्त्रीवाला दोन पावलं मागून चालत होता. दार आलं तेव्हा म्हणाला, "काकू, त्या पडद्यामुळे तिला शेवटी शेवटी झोप चांगली लागायची." मग आपल्या घरात गेला. थोड्याच वेळात त्याच्या खिडकीतला झालरीचा पडदा उतरला. आता समोर तो उतरल्यावर आपला कुठल्या तोंडाने ठेवायचा? काकूंनी तो हुकांवरून सोडवला, पन्हळीतलं पाणी मोरीत ओतलं. अळ्या मोरीच्या तोंडाशी क्षणभर वळवळल्या आणि गेल्या.

काका पलंगाच्या कडेला बसून होते.

"गाळणीचं तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"होतं."

"शंभरदा सांगितलंय मी."

"सांगितलंय हो." काकूंनी ओले हात पुसले, पुन्हा पुसले. "पण त्याच्याकडे बघितलं आणि जीभच उचलेना. त्याची बायको गेली. कसं विचारू मी?"

काकांची छाती वरखाली होत होती.

"मला श्वास पुरला नाही," ते म्हणाले. "तुला पुरला असता."

काकूंना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बाहेरून धूळ यायला लागली होती. त्यांनी खिडकी लावली, कडी घातली. माळ्यावरची जास्तीची उशी काढली, झटकली आणि त्या काकांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी मान वळवली नाही. उशी पाठीशी नीट बसावी म्हणून ते फक्त थोडे पुढे वाकले.