पंगतीतला पितळी डाव

मी एक जुना पितळी डाव आहे. खेळातला नव्हे, भाजी वाढायचा. हातभर दांडा, खोलगट वाटी आणि दांड्याच्या टोकाला वळवलेला आकडा. मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझा स्वभाव मिरवण्याचा आहे. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहत माणसं ताटं पुढे सरकवून बसली, त्याने नम्र कसं राहायचं ते मला अजून कळलेलं नाही.

देऊळगाव राजाच्या एका तांबटाने मला घडवलं. पितळेच्या पत्र्यावर त्याचा हातोडा दिवसभर वाजत होता. तेव्हा मला राग यायचा, पण त्या ठोक्यांनीच माझी वाटी इतकी नेमकी बसली की भाजीचा थेंब बाहेर सांडत नाही. बालाजीच्या यात्रेत जानेफळच्या एका शेतकऱ्याने मला उचलून उलटंपालटं पाहिलं, नखाने टिचकी मारली आणि पिशवीत टाकलं. घरी जाऊन त्याने मला आपल्या वीस वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं. त्या मुलाचं नाव उकंडराव.

उकंडराव शेती करायचे, पण गाव त्यांना ओळखायचं ते वांग्याच्या भाजीसाठी. लग्न असो, बारसं असो की तेरवी, निरोप यायचा आणि उकंडराव मला खांद्यावर टाकून निघायचे. मजुरी कधी घेतली नाही. शेवटी यजमानाने हातात नारळ ठेवला की झालं.

आता तर्रीबद्दल सांगायला हवं, कारण माझं सगळं मोठेपण तिच्यावरच उभं होतं. भाजी शिजली की वर लालभडक तेलाचा थर येतो, ती तर्री. गंजात, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या पातेल्यात, मला खोल घातलं की वांग्याच्या फोडी येतात आणि वरवर फिरवलं की निव्वळ तर्री येते. साध्या माणसाला फोडी, मानाच्या माणसाला तर्री, असा आमच्या पंगतीचा रिवाज होता. व्याही आला, जावई आला, की त्याच्या ताटात तर्रीचं तळं झालंच पाहिजे. ज्याच्या भाजीवर तर्री दिसली नाही त्याने हात आखडता घेतला, असं गाव वर्षभर बोलायचं.

हे वरवर फिरणं माझ्याइतकं कोणाला जमत नसे. लोक म्हणायचे, "उकंडरावच्या डावातली तर्री, अहाहा!" ते ऐकून मी इतका चकाकायचो की घासायची गरजच पडू नये.

घरीही तोच थाट होता. ठेच्यावर कच्च्या तेलाची धार, वरून मीठ, बाजूला पापड. गालात तंबाखू. शेत वेशीपलीकडे थोड्याच अंतरावर, पण तिथे जायलाही मोटारसायकल. रुखमाबाई, म्हणजे त्यांची बायको, कधी काही म्हणाल्या तर उत्तर ठरलेलं असे, "राबनाऱ्या मानसाले सारं पचते." राबणं तर कधीच कमी झालं होतं. तेल मात्र तेवढंच राहिलं होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका लग्नात सकाळी दहाच्या सुमारास उकंडराव भट्टीपाशी भाजीची चव पाहत होते. एकदम त्यांना दरदरून घाम फुटला. डावा हात चोळत ते म्हणाले, "काही नाही, गॅस झाला." कोणी ओवा दिला, कोणी सोडा आणला, कोणी पाठ चोळली. जवळजवळ तासभर ही सेवा चालली होती. सगळी प्रेमाची माणसं, आणि सगळी चुकीच्या वाटेने धावत होती.

तेवढ्यात मंजुश्री आली. ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे आणि उकंडरावांचे जुने मित्र सहदेव यांची मुलगी. तिने चेहरा पाहिला, नाडी पाहिली आणि ओरडली, "काका, हा गॅस नाही. गाडी काढा! आत्ताच्या आत्ता!" उकंडरावांना उचललं तेव्हा मी त्यांच्या हातातून सुटून राखेत पडलो. मला कोणी उचललं नाही. त्या दिवशी पंगत दुसऱ्याच डावाने वाढली, आणि खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त तो हात परत हवा होता.

शहरातल्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवली. आठ दिवसांनी ते घरी आले. गळ्याची हाडं वर आलेली, आवाज बारीक झालेला. घरात त्यांच्या मुलीचं, पुष्पांजलीचं, लग्न ठरलेलं होतं. डोणगावचं स्थळ, दिवाळीनंतरचा मुहूर्त. उकंडरावांनी अंथरुणावरूनच सांगितलं, "पोरीच्या लग्नाची भाजी मीच करीन."

हाच हट्ट त्यांनी दवाखान्यातही धरला होता, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं. तंबाखू सोडा, तेल-मीठ कमी करा, रोज चाला, गोळ्या एक दिवसही चुकवू नका. हे सगळं केलंत आणि तपासणी चांगली आली, तर भट्टीपाशी उभे राहा. नाही केलंत तर मला लग्नाचं विचारूच नका. असं ते स्पष्ट बोलले होते.

रुखमाबाईंनी मला घासून खुंटीला अडकवलं आणि तेलाच्या डब्यात एक छोटा चमचा ठेवला. चहाचा चमचा, मित्रांनो! तो माझ्याकडे बघून हसायचा, असं मला वाटायचं. मी तोंड भिंतीकडे करून राहिलो.

पण रुखमाबाईंकडून एक चूक झाली. त्यांनी उकंडरावांची भाजी वेगळी शिजवायला घेतली. एका छोट्या पातेलीत उकडलेला दुधी, आणि शेजारी बाकीच्यांची झणझणीत भाजी. उकंडराव त्या पातेलीकडे पाहायचे, दोन घास खायचे आणि उठायचे. पंधरा दिवसांत ते आणखी वाळले. बरं वाटतंय म्हणून गोळ्याही तीन दिवस घेतल्या नाहीत.

अशातच शेजारच्या गल्लीत तेरवीचं जेवण होतं. उकंडराव गेले. मी खुंटीवरच होतो, तिथलं सगळं मला नंतर घरच्यांच्या बोलण्यातून कळलं. आता पाहा, आमच्या माणसांचं प्रेम कसं असतं. त्यांना पाहिल्याबरोबर वाढपी म्हणाला, "किती सुकले हो भाऊ! अंगात जीव नाही राह्यला. भाऊच्या ताटात तर्री टाका रे, ताकद येईन!" एकाने टाकली, दुसऱ्याने टाकली, तिसऱ्याने नको नको म्हणत असताना टाकली. पंगतीत वाढलेल्याला नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. उकंडरावांनी मान खाली घातली आणि सगळं संपवलं.

संध्याकाळी त्यांची छाती जड झाली. मंजुश्री यंत्र घेऊन आली. रक्तदाब इतका चढला होता की तिने आकडा दोनदा पाहिला. गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि मग ती रागावलीच.

"काका, लग्न कोनाचं हाये? पुष्पाचं ना? मंग तिच्या डोक्यावर अक्षता टाकाले कोन येईन, तुमचा फोटो?"

पुष्पांजली दारात उभी होती, ती आत निघून गेली. उकंडराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "बाई, मले मराचं भेव नाही वाटत. पन त्या पातेलीचं वाटते. घरात बसून घराच्या बाहेर जेवल्यासारखं होते."

मंजुश्रीने यंत्र पिशवीत ठेवलं. मग रुखमाबाईंना म्हणाली, "काकू, ती पातेली उचला. एकच भाजी करा, साऱ्यायनं तीच खा. तुमचाही रक्तदाब काही कमी नाही." आणि उकंडरावांना म्हणाली, "गोळ्या मातर आजपासून माह्या समोर घ्याच्या."

दुसऱ्या दिवशी घरात एकच गंज चुलीवर चढला. रुखमाबाईंनी तीळ, जवस आणि कांदा कोरडाच भाजून वाटला, अंबाडीची आंबट भाजी घातली, लसूण चमचाभर तेलात परतला. मीठ कमी, म्हणून चवीला लिंबू. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. पुष्पांजली म्हणाली, "आई, फिक्कं लागते." पण चौघंजण एकत्र वाकडी तोंडं करत होते, त्यामुळे उकंडराव बऱ्याच दिवसांनी हसले आणि दुसरी भाकर मागितली. त्यांचा मुलगा गोकुळ पापडाचा डबा शोधत राहिला. तो डबा रुखमाबाईंनी कुठे ठेवला होता हे खुंटीवरून मला दिसत होतं, पण मी सांगितलं नाही.

मग सुरू झालं चालणं. सहदेवराव रोज सकाळी दाराशी हजर. पहिल्या दिवशी दोघं मारुतीच्या पारापर्यंत गेले आणि तिथेच बसले. ओट्यावरचे लोक विचारायचे, "काऊन बे उकंडराव, गाडी विकली काय?" महिन्याभरात दोघं गावच्या वेशीपर्यंत गेले. पावसाळ्यात छत्री घेऊन गेले. पोळा आला तोवर उकंडराव शेतात पायी जाऊ लागले आणि मोटारसायकलवर कोंबड्या बसू लागल्या. तंबाखूसाठी हात खिशात जाई, तेव्हा तिथे पुष्पांजलीने ठेवलेली बडीशेप सापडे. तीनदा त्यांनी पुन्हा पुडी आणलीच, तिसऱ्यांदा ती त्यांनीच शेणकुंडीत टाकली.

दसऱ्याच्या आधी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "करा लग्नाची भाजी. वजन मात्र उचलू नका, आणि गोळ्या चालूच." घरी आल्या आल्या उकंडरावांनी खुंटीवरून मला काढलं आणि चिंचेने घासलं. मित्रांनो, मी पितळेचा आहे, मला रडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी रडलो असतो.

पण खरी परीक्षा पुढेच होती. भाऊबंद जमले आणि म्हणाले, "घरी काही खाय, पन लग्नात तर्री पायजेच. डोणगावचे लोक काय म्हनतीन?" उकंडराव एवढंच म्हणाले, "जे मले पचत नाही ते मी इवायाच्या ताटात कसं टाकू?" इवाई म्हणजे आमच्याकडचा व्याही.

लग्नाच्या सकाळी भट्ट्या पेटल्या. तेलाचे पाच डबे लागायचे तिथे उकंडरावांनी दीड डबा फोडला. तीळ, शेंगदाणे, जवस भाजून त्याचं दाट वाटण घातलं, वांगी आधी निखाऱ्यावर खरपूस केली. गंज उचलायचं काम गोकुळने केलं. वास असा सुटला की मांडवातली वाजंत्री थांबली. पण वर पाहिलं तर थर नाही. मी वरवर फिरलो आणि माझ्या वाटीत नुसता रस्सा आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली.

पंगत बसली. मानाच्या जागी पुष्पांजलीचे सासरे, डोणगावचे व्याही. उकंडराव स्वतः मला घेऊन त्यांच्यासमोर वाकले. सगळ्या भाऊबंदांचे डोळे आमच्यावर. गोकुळने गंज शेजारी आणून ठेवला आणि उकंडरावांनी मला पुढे केलं. तेवढ्यात व्याह्यांनी ताटावर हात ठेवला.

मागून कोणी पुटपुटलं, "सांगितलं होतं ना."

व्याही गंजाकडे वाकून पाहत होते. "इवाई, तर्री नाही यात?"

"नाही," उकंडराव म्हणाले. "मानात कमी नाही केलं. तेलात केलं."

व्याह्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांची एक छोटी डबी ताटाशेजारी ठेवली. मग हळूच म्हणाले, "दोन वरसं झाले माहं छातीचं ऑपरेशन होऊन. तवापासून पंगतीत बसाचं भेव वाटते. कोनाले नाही म्हनता येत नाही. आजही घरून भाकर खाऊन आलो होतो." त्यांनी ताटावरचा हात काढला. "आता वाढा. चांगलं खोल घालून वाढा."

मी खोल गेलो. असा खोल मी कोणत्याच मानाच्या माणसासाठी गेलो नव्हतो. फोडींनी भरून वर आलो आणि ताटात उतरलो. व्याह्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अजून!"

मग काय विचारता! चारशे पानं उठली आणि चारशे बसली. ज्यांनी नाकं मुरडली होती तेच भाऊबंद तिसऱ्यांदा "इकडं, इकडं" म्हणत होते. एक म्हातारे सहदेवरावांच्या कानात सांगत होते की त्यांनाही डॉक्टरने तेल बंद केलंय, पण गावात सांगायची सोय नव्हती. बघता बघता असे सात जण निघाले. मी इतका पळालो की माझा दांडा तापला.

आमच्यात भाजी करणारा शेवटी जेवतो. उकंडराव बसले तेव्हा गंज रिकामा होता. आचाऱ्याचा याहून मोठा विजय नसतो, म्हणून ते पोळी आणि चटणी घेऊन हसत बसले. तेवढ्यात हळदीच्या हातांनी कोणीतरी मला उचललं. मुंडावळ्या बांधलेली पुष्पांजली होती. तिने मला गंजाच्या तळाशी घातलं, चहूकडून खरवडलं आणि अर्धा डाव भाजी बाबांच्या ताटात वाढली.

"बाबा, जेवा," ती म्हणाली. "आता दर वर्षी माहेरी येईन, तवा तुमच्याच हातचं खाईन."

उकंडरावांनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावून संपवला. मग त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ये. मी हाये."

मित्रांनो, आता मी जानेफळच्या प्रत्येक पंगतीत असतो, आणि वाढण्याआधी उकंडराव विचारतात, "कसं वाढू?" तुमच्या घरातही कोणी प्रेमाने वाढणारं असेल आणि कोणी संकोचाने खाणारं असेल. त्या दोघांना एका गंजातलं जेवू घाला. बाबांना सकाळी चालायला ओढून न्या, आजोबांच्या गोळीची आठवण तुम्ही ठेवा, छातीत दुखलं तर ओवा शोधू नका, दवाखाना गाठा. आणि चांगली भूक घेऊन जानेफळला या. मी खोल घालून वाढीन.