दक्षिणेकडे तोंड

मित्रांनो, मी एक वैतागलेला सोलर पॅनल आहे. वय अवघं एक वर्ष. पण इतकं ऐकून घेतलं आहे की मला कोणी जुना म्हटलं तरी हरकत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. नशिबी काम एकच, सूर्याकडे पाहत राहणं. किती सोपं! पण मी आलो कोंढा गावच्या बाबूलालजींच्या स्लॅबवर. त्यांच्या सुनेनं, स्वातीनं, मिरची कांडपाची मशीन घेतली होती. दुपारी लाइन जायची, म्हणून आम्हा आठ भावंडांना बोलावलं. "होळीपर्यंत चालली तं ठेवू, नाही तं मशीन विकून टाकू," असं सासऱ्यांनी तिला आधीच बजावलं होतं.

फिटर भूषण आमची तोंडं दक्षिणेला करू लागला, तोच बाबूलालजी ओरडले, "अरे, तिकडे कायले करून राहिला? ते यमाची दिशा होय! उत्तरेले कर!"

"काका, सूर्य दक्षिणेतून जाते न."

"जाऊ दे. त्याले मरण नाही, आमाले आहे."

झालं! भर हिवाळ्यात आम्ही सूर्याला पाठ दाखवून बसलो. बॅटरी अर्धीही भरेना. बाया सुक्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन यायच्या, मशीन घरघरून थांबायची आणि बाया पवनीच्या गिरणीची वाट धरायच्या. बोल मात्र मला! "मालच खोटा," म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं. सासूबाई कौशल्याबाईंनी तर माझ्यावर वड्या घातल्या. त्याही धड वाळल्या नाहीत, तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

होळीला आठ दिवस उरले. बाबूलालजी मशीनला गिऱ्हाईक पाहू लागले. त्या शनिवारी ते मारुतीला तेल वाहून परतले, तेव्हा स्वातीनं त्यांना दारातच गाठलं.

"मामाजी, आपला मारुती कोणीकडे पाहते?"

"दक्षिणेकडे. दक्षिणमुखी होय तो. लय जागृत."

"मंग त्याले काहून नाही फिरवत उत्तरेकडे?"

बाबूलालजींनी तेलाची रिकामी वाटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "भूषणले फोन लाव."

दुसऱ्या दिवशी मी सूर्याला पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं. मशीन संध्याकाळपर्यंत चालली, सारी आळी शिंकली आणि विकण्याची भाषा थांबली. खरं सांगतो, मला भरून आलं.

पण सुख कुठलं! पुढच्या शनिवारी बाबूलालजी शिडी चढून आले. त्यांनी हात जोडले, मला शेंदूर लावला आणि वाटीभर तेल वाहिलं. त्यावर धूळ चिकटली आणि मी पुन्हा आंधळा झालो.

मित्रांनो, मी देव नाही, काच आहे. तेल मारुतीला वाहा. मला आठवड्याला एक ओलं फडकं पुरे.