श्वासाचा रियाज

माझी नणंद राधिका कुणाचाही आवाज काढते. मंगरूळपीरच्या बाजारात आमची मेथी-कोथिंबीर विकता विकता ती एसटीचा कंडक्टर, दर्ग्यासमोरचा फुलवाला, चिडलेली म्हैस, सगळं शिकली. मुंबईला डबिंगमध्ये काम मिळवायचं, एवढंच तिच्या डोक्यात. लहान मुलांच्या कार्टूनमधल्या आईसाठी एकदा आवाजाची चाचणी द्यायला गेली, तर आवाज निवडणाऱ्या बाईंनी परत पाठवलं. म्हणे, आवाज गोड आहे, पण त्यात आई नाही.

तेव्हापासून ती माझ्या मागे बसू लागली.

"आवाज कोनीबी काढते, वहिनी. आधी त्याचा श्वास शिकाव लागते."

"माझा शिकून काय मिळेल तुले? दम लागलेल्या बाईचा रोल?"

ती हसली. "तुमी फक्त प्रज्वलले झोपवा. मी हाय, असं समजूच नका."

दुपारी मी माझ्या तीन वर्षांच्या प्रज्वलला थोपटायचे आणि ती माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. हळूहळू मला आमच्या दोघींचा मिळून एकच श्वास ऐकू यायला लागला. एकदा मी मुद्दाम रोखून धरला. तिचाही थांबला. मग मी सोडायच्या आधी तिनं सोडला, आणि माझी छाती तिच्या मागोमाग हलली.

मग घरात गोंधळ सुरू झाला. सासूबाई म्हणायच्या, "काहून वं, आताच तर चहा ठेवतो म्हनली, आन् इथं कपडे वाळू घालून राह्यली?" मी तर तोंडही उघडलेलं नसायचं. प्रज्वल हाक ऐकून मधल्या खोलीत धावायचा, तिथं राधिका बसलेली. मग परत येऊन माझ्याकडे नुसता बघत राहायचा.

"राधिका, पुरे आता. पोरगं बिचकून राह्यलं माझं."

"वहिनी, मुंबईले माझ्यासारख्या लय जनी हायत. बऱ्यापैकी आई सगळ्यायले जमते. मले हुबेहूब पाह्यजे."

हे ती माझ्या आवाजात बोलली. तिला ते कळलंही नाही.

ती पुन्हा मुंबईला गेली आणि या वेळी तिची निवड झाली. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. त्या संध्याकाळी मी अंगणात हाक मारली, "पज्जू, ये रे सोन्या." तो मातीत खेळत होता. त्यानं मानही वर केली नाही. जवळ जाऊन पुन्हा म्हटलं, तर त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तू नाही. आईले बोलाव."

डॉक्टरांनी कान तपासले. कान चांगले आहेत. प्रज्वलचे बाबा म्हणाले, पोरं करतात असं, तू फार मनावर घेतेस.

आता दुपारी मी मोबाईलवर राधिकाचं कार्टून लावते. त्यातली आई बाळाला बोलावते आणि प्रज्वल खुदकन हसून ओ देतो. मी ते थांबवते. ती घेते तिथंच मीही श्वास घेते आणि तेच वाक्य म्हणते. तो डोळे मिटून ऐकतो.

काल तो पहिल्यांदा थोडा जवळ सरकला.

"आईसारखं येऊन राह्यलं," म्हणाला. "थोडं थोडं."