एकच पुंजका

हिसाए उएमात्सुने उबपेटीतून पेशींची बशी काढली. प्राध्यापक किरियामांनी कचऱ्याची पिशवी पुढे धरली होती, ती तिने कोपराने बाजूला सारली.

“टाकणार नाही, सर.”

“दोन वर्षं झाली, उएमात्सुबाई. इतक्या जुन्या पेशींपासून शुक्राणू होत नाहीत. सोमवारी या टेबलावर नवं यंत्र येतंय.”

“मग ते दुसरीकडे ठेवा.”

खोलीतल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

क्योतोच्या त्या प्रयोगशाळेत हिसाए एकवीस वर्षं सहायक होती. मोठी पदवी नाही, करार दर मार्चला नवा. नवजात उंदराच्या वृषणातून शुक्राणू घडवणाऱ्या मूळपेशी काढून तिने त्या बशीत वाढवल्या होत्या, त्यांत हिरवी चमक देणारं जनुक घातलं होतं. बहुतेक पेशी मेल्या. एकच पुंजका तगला. त्याला ती दिवसाआड ताजं पोषणद्रव देई; नववर्षाच्या सुट्टीतही, बहिणीकडचं तांदळाच्या गोळ्यांचं सणाचं सूप अर्धं टाकून.

“यंदा करार होणार नाही, हे समजून बोला,” किरियामा म्हणाले.

“समजूनच बोलतेय. मार्चअखेरपर्यंत उंदरांवर काम करायची परवानगी माझ्या नावावर आहे.”

नोव्हेंबरात तिने तीन नर उंदीर घेतले. त्यांच्या स्वतःच्या मूळपेशी औषधाने नष्ट केलेल्या होत्या. केसाएवढ्या बारीक सुईने तिने त्यांच्या वृषणांत त्या पुंजक्यातल्या काही पेशी सोडल्या आणि पुढे त्यांच्या पिंजऱ्यांत माद्या ठेवल्या. एक नर मेला. दुसऱ्याची मादी रिकामीच राहिली. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, “बाईंचे उंदीर संन्यासी आहेत.” हिसाएने आपले नूडल्स संपवले आणि वर गेली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्याच्या मादीला सात पिल्लं झाली. बशीतल्या पेशींचं हिरवं जनुक निम्म्याच शुक्राणूंत उतरतं; अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली चार काळीच राहिली. तीन नाकापासून शेपटीपर्यंत हिरवी उजळली. हिसाएने मग किरियामांना फोन केला.

ते आले, पिल्लांवर वाकले.

“करार आणखी तीन वर्षं,” ते म्हणाले. “आजच सही करतो.”

“नको.”

“नको?”

“दर मार्चला तुमच्या सहीची वाट बघितली, सर. आता पुरे. शोधनिबंधात मात्र पहिलं नाव माझं. तसं लिहून द्या.”

किरियामांनी खिशातून पेन काढलं, तिथेच उभ्याने लिहून दिलं. मग त्यांचा आवाज उतरला.

“पण या पेशी कोण सांभाळणार? इथे कुणालाच जमत नाही.”

हिसाएने त्यांना प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलापाशी नेलं आणि आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

“बसा.”

पंधरा वर्षं त्यांनी हातात पिपेट धरलं नव्हतं. पहिलाच थेंब बशीबाहेर पडला. मागे कुणीतरी हसू दाबलं.

“हात थरथरतोय,” हिसाए म्हणाली. “पुन्हा.”